कुर्ल्याची अमेरिकन

गेल्या दिवाळीच्या सुटीत इंदापूर तालुक्यातील एका मळ्यात एक जुनी अमेरिकन मोटार विकायची आहे, असे कळल्यावरून आम्ही ती पाहायला गेलो. गोठ्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ती उभी होती. डॉज किंग्जवे, 1950 नंतरच्या दशकातील. रंग थोडा उडालेला, परंतु पत्रा शाबूत, मूळचे सहा सिलिंडरचे इंजिन जागेवर आणि स्टिअरिंगजवळचा गिअरही मूळचाच. घरच्या वाटण्या झाल्या होत्या आणि मोटारीची वाटणी काही करता येत नाही, म्हणून ती विकायची, असे घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितले. त्यांच्या बोलण्यात 'अस्सल अमेरिकन' हा शब्द वारंवार येत होता. बॉनेट उघडल्यावर आतल्या पट्टीवर मात्र मुंबईचे नाव होते.

ह्या पट्टीचा इतिहास इंदापूर-बारामतीच्या मातीशी जोडलेला आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. नीरेचा डावा कालवा ह्या दोन्ही तालुक्यांतून जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या कालव्यावर पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत आणली ती मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या ह्यांनी. कालव्याच्या पाण्याने ऊस आला. पुढे सोलापूरचे बांधकाम ठेकेदार वालचंद हिराचंद दोशी ह्यांनी इंदापूर तालुक्यात कळंबजवळ साखर कारखाना काढला आणि वालचंदनगर वसले. देशात मोटारीचा कारखाना असावा ह्या आग्रहाने 1930 नंतरच्या दशकात जे थोडे लोक झपाटले होते, त्यांत हेच दोघे अग्रभागी होते. एकाने ह्या भागाला पाण्याची शिस्त लावली, दुसऱ्याने त्या पाण्यावर उद्योग उभा केला. मोटारीच्या स्वप्नात ते पुन्हा एकत्र आले.

ते स्वप्न सहज साकार झाले नाही. 1937 ते 1939 ह्या काळात मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेर ह्यांच्या मंत्रिमंडळाने योजनेला अनुकूलता दाखवली होती. मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर तो आधार गेला आणि परकीय सरकारला ह्या उद्योगाची निकड वाटेना. मुंबईत मोटारी जोडल्या जात नव्हत्या असे नाही. जनरल मोटर्सने 1928 मध्येच शिवडीला सुट्या भागांतून गाड्या जोडण्याचे काम सुरू केले होते. पण जोडणे निराळे आणि घडवणे निराळे. वालचंदांना दुसरी गोष्ट हवी होती. फोर्डशी जमले नाही. क्रायस्लर कंपनीशी 1940 मध्ये करार झाला. महायुद्ध तेव्हा सुरूच होते. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना 1944 मध्ये झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली वाहने 1947 मध्ये बाहेर पडली.

वालचंद 1953 च्या एप्रिलमध्ये वारले. त्याच वर्षी टॅरिफ कमिशनच्या शिफारशींवरून सरकारने ठरवले, की ज्यांच्याकडे भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम नाही त्यांनी गाशा गुंडाळावा. फोर्ड आणि जनरल मोटर्स गेल्या, कुर्ला राहिले. एका अर्थी वालचंदांचा युक्तिवाद त्यांच्या मृत्यूनंतर मान्य झाला.

अमेरिकन मोटारीचा आजचा शौकीन 'क्लासिक' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात वेग असतो. क्रायस्लरने 1955 मध्ये तीनशे अश्वशक्तीची गाडी बाजारात आणली. 1964 मध्ये पाँटियाक जीटीओ आणि फोर्ड मस्टँग आल्या आणि दांडग्या इंजिनांच्या गाड्यांचे युग सुरू झाले. कुर्ल्याच्या डॉजमध्ये मात्र त्याच क्रायस्लर घराण्याचे जुन्या धाटणीचे इंजिन होते, तीनशेच्या निम्म्याहूनही कमी अश्वशक्तीचे. 1957-58 च्या सुमारास परकीय चलनाची चणचण तीव्र झाली आणि आयातीची दारे आणखी लोटली गेली. डेट्रॉइट वेगाने वेडे होत असताना आपण भाग इथे कसे बनतील ह्याच्या विवंचनेत होतो. म्हणून मस्टँगचा काळ आपल्याकडे मुख्यतः चित्रपटांतून आणि मासिकांतूनच आला.

मळ्यातील मोटार पाहून गेलेल्या एका गिऱ्हाइकाने विचारले होते म्हणे, की हिच्यात आठ सिलिंडरचे इंजिन बसवता येईल का? प्रश्न वरकरणी साधा आहे. पण केंद्र सरकारने 2021 मध्ये केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' ठरते ती मूळ रूपात असेल तरच. चॅसी, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार केला तर नाही. अशा गाडीची खरेदी-विक्री करता येते, तिच्या क्रमांकात 'व्हीए' अशी अक्षरे येतात, मात्र रोजच्या वापरासाठी ती रस्त्यावर आणता येत नाही. कायद्याने इथे नकळत एक इतिहासविषयक भूमिका घेतली आहे, असे आम्हांला वाटते. ह्या मोटारीला अधिक अमेरिकन करायला जावे, तर ती कोणाचीच उरणार नाही. तिचे दुबळे इंजिन हाच तिचा दस्तऐवज आहे. परक्याकडून शिकताना काय घेता आले आणि काय परवडले नाही, ह्याची नोंद त्यात आहे.

कुर्ल्याने पुढे इटलीच्या फियाटचा हात धरला आणि पद्मिनी घडवली. बारामतीतही आज इटलीच्याच पियाजिओचा कारखाना आहे. आपल्या भागात वाहने घडतात ह्याचे आता कोणाला नवल वाटत नाही. हे नवल नाहीसे होण्यासाठी जी धडपड झाली, तिचा एक जिता पुरावा त्या शेडमध्ये उभा आहे.

निघताना आम्ही वडीलधाऱ्यांना पट्टीची हकिकत सांगितली. "म्हणजे अमेरिकन नव्हे?" ते किंचित खट्टू झाले. किंमत उतरेल, ही धास्ती रास्तच होती. मग वालचंदनगरचे नाव काढताच त्यांचा चेहरा पालटला. त्यांचे वडील त्या कारखान्याला ऊस घालत. त्यांनी पट्टीवरची धूळ उपरण्याने पुसली. मोटार विकायची हा निर्णय बदलला नाही, बदलायचे कारणही नव्हते. घेणाऱ्याला मात्र आधी ही पट्टी दाखवीन, एवढे ते म्हणाले.