ख्रिस्ती नम्रता म्हणजे नेमकं काय? एका घोटभर पाण्याची गोष्ट

महाडचं चवदार तळं नगरपालिकेने 1924 मध्ये सर्वांना खुलं केलं. तरी अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना तिथे पाणी भरू दिलं जात नव्हतं. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह ते पाणी प्यायले, तर सवर्णांनी तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं!

आता बायबलमधली विहीर बघा. यहुदी लोक शोमरोनी लोकांशी संबंध ठेवत नसत. योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय 4) येशू मात्र एका शोमरोनी स्त्रीकडेच प्यायला पाणी मागतो. म्हणजे इथे वाकतो तो वरचा समजला जाणारा. हक्काचं पाणी मागणाऱ्याला ‘जरा नम्र राहा’ म्हणणं, ही ख्रिस्ती नम्रता नव्हे. गल्लत नेमकी इथेच होते.

मराठीतलं उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचं. पती, कवी नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, पण लक्ष्मीबाईंचं सोवळं सुटलं नव्हतं. पुढे विचार करता करता त्यांना पटलं, की जाती देवाने केलेल्या नाहीत. मग कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं, असं त्यांनी ठरवलं. ‘स्मृतिचित्रे’त हे सगळं त्यांनी मोकळेपणाने सांगितलंय. तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्याही नव्हत्या. बाप्तिस्मा घेतला तो 1900 मध्ये.