संदेशांची गुप्त तपासणी
प्रेषक व ग्राही यांच्यामधील संदेश वाटेतच हस्तगत करून वाचण्याची वा ऐकण्याची क्रिया. पूर्वी त्यासाठी जासूद गाठावा लागे किंवा दरबारातील माणूस फोडावा लागे. आप्पासाहेब भोसले व दुसरा बाजीराव यांच्या गुप्त संधानाचा सुगावा नागपूरचा ब्रिटिश रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याला लागला आणि १५ मार्च १८१८ रोजी आप्पासाहेबास कैद झाली. तारायंत्र व दूरध्वनी आल्यावर मार्गच सरकारच्या हाती गेला. तपासणीची खूणही उरेना. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने हा अधिकार सार्वजनिक आणीबाणी व सार्वजनिक सुरक्षितता यांपुरता दिला. परंतु दूरध्वनी ऐकण्याची कार्यपद्धती सर्वोच्च न्यायालयाने घालून दिली ती थेट १९९६ मध्ये. गृहसचिवाचा आदेश, दोन महिन्यांची मुदत व पुनर्विलोकन समिती हे तिचे प्रमुख घटक होत. ही बंधने कागदोपत्रीच राहिली नाहीत : लाचलुचपतीच्या एका प्रकरणातील असे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द करून ध्वनिमुद्रिते नष्ट करण्यास सांगितले. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमातही मूळची दोन कारणे कायम आहेत.

संगणकजालातील संदेश आता बहुधा कूटबद्ध असतात. नुसती तार जोडून ते वाचता येत नाहीत. म्हणून तपासणारा मध्यस्थ ग्राहकापुढे सेवा म्हणून आणि सेवेपुढे ग्राहक म्हणून उभा राहतो. त्याचे प्रमाणपत्र ग्राहकाच्या संगणकाने विश्वसनीय मानले, तरच हे साधते. काही कार्यालये कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर असे प्रमाणपत्र आधीच बसवून ठेवतात. तेथे गृहसचिवाच्या आदेशाचा प्रश्न सहसा निघतच नाही.