एकट्याचा केक: चिक्कीच्या वडीपासून चॉकलेटच्या वाटीपर्यंत



हल्ली दवाखान्यात एक प्रश्न वारंवार येतो. "डॉक्टर, केक घरीच केलाय, वाटीएवढाच आहे, वरचा सॉसही दाण्यांचा आहे. शुगर असली तरी चालेल ना?" प्रत्येकासाठी वेगळा छोटा चॉकलेट केक आणि त्यावर शेंगदाणे किंवा काजू घातलेला कॅरॅमल सॉस, असा हा पदार्थ. त्याचा इतिहास पाहिला, तर उत्तर समजायला सोपे जाते.

घाटातली चिक्की

दाणे आणि पाक ही जोडी आपल्याला नवी नाही. पनवेलकरांना तर ती बोरघाट चढला की भेटते. १८३० मध्ये या घाटातला गाडीरस्ता खुला झाला. तेव्हा मुंबईहून पुण्याला निघालेले प्रवासी होडीने पनवेल बंदरात उतरत आणि पुढे घाट चढत. १८६३ मध्ये घाटातून रेल्वेही सुरू झाली. गूळ, शेंगदाणे आणि तूप यांची 'गुडदाणी' रेल्वेच्या कामावरच्या मजुरांना विकली जाई आणि तिचीच पुढे चिक्की झाली, असे लोणावळ्यात सांगतात.

दिवसभर खडक फोडणाऱ्या माणसाला हे खाणे योग्यच होते. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ५६५ कॅलरी आणि २५ ग्रॅम प्रथिने असतात. गूळ लगेच ताकद देतो, दाणे पोटाला आधार देतात. शिवाय चिक्की कापली जाते वड्यांमध्ये. एक वडी घ्यायची आणि डबा पुढे द्यायचा. संक्रांतीचा तिळगूळही असाच हातावर पडतो.

कॅरॅमल म्हणजे या पाकाचाच भाऊ. साखर साधारण १६० ते १७० अंश सेल्सिअसला तांबूस होऊ लागते. त्यात लोणी आणि साय घातली की सॉस होतो. रंग बदलला तरी बहुतेक साखर साखरच राहते, हे लक्षात ठेवा.

औषधाच्या दुकानातले चॉकलेट

कोको हे अमेरिका खंडातले झाड, आणि आपला भुईमूगही मूळचा तिकडचाच. मध्य अमेरिकेतले लोक कोकोचे कडू पेय पीत. ते युरोपात गेले तेव्हा औषधविक्रेतेही ते विकत आणि वैद्य ते ताकदीसाठी देत. १७५३ मध्ये लिनियसने या झाडाला 'थिओब्रोमा', म्हणजे देवांचे अन्न, असे नाव दिले. १८२८ मध्ये हॉलंडच्या व्हॅन हौटेन यांनी कोकोतले तूप दाबून काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि कोको पावडर स्वस्त झाली. १८४७ मध्ये इंग्लंडच्या फ्राय कंपनीने खाण्याच्या चॉकलेटची वडी बनवली. कडू पेयाचे गोड खाऊ होत गेले, आणि औषध मागे पडले.

आपल्याकडे कॅडबरी कंपनी १९४८ मध्ये आली. पुढे तिचा ठाण्याचा कारखाना पिढ्यांच्या ओळखीचा झाला. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि नंतर महाराष्ट्रभर कारखान्यांची धुराडी दिसू लागली. तरीही आमच्या पिढीने साखर रेशनच्या रांगेत उभे राहून आणली आहे. वाढदिवसाचा एक केक बेकरीतून येई आणि साऱ्या आळीत वाटला जाई.

सुरी गेली

१९८१ मध्ये मिशेल ब्रास या फ्रेंच शेफने आतून वितळलेला, एकेकट्याला वाढायचा चॉकलेट केक तयार केला. त्याच्या नकला जगभर पोहोचल्या. आज आपल्याकडे तो 'लाव्हा केक' म्हणून मिळतो. बदल साधा वाटतो, पण महत्त्वाचा आहे. केक कापायची सुरी गेली आणि तिच्याबरोबर वाटणीही गेली. अख्खा केक एकाचाच.

चार केकचा हिशेब करू. मिश्रणात साखर १०० ग्रॅम, सॉसमध्ये १०० ग्रॅम, आणि १०० ग्रॅम डार्क चॉकलेटमधली सुमारे ४५ ग्रॅम. म्हणजे एका केकमध्ये साधारण ६० ग्रॅम, म्हणजे चहाचे बारा चमचे. चिक्कीच्या २० ग्रॅमच्या वडीत साधारण १० ग्रॅम गूळ असतो. म्हणजे एक 'छोटासा' केक सहा वड्यांइतका गोड झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २००० कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत असावी, आणि २५ च्या आत असेल तर उत्तम.

मग खायचा की नाही?

- मधुमेह नसेल तर कधीतरी जरूर खा, पण एक केक दोघांत किंवा तिघांत.
- मधुमेह असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. ताब्यात असलेल्या मधुमेहात जेवणातला भात-पोळी कमी करून दोन-तीन चमचे चाखता येतात. "केक खाल्ला म्हणून गोळी जास्त घेतली" हे मात्र कधीही करू नका.
- साखरेऐवजी गूळ घातल्याने रक्तातली साखर वाढायची थांबत नाही.
- सॉस चमच्याने मोजून घाला, दाणे हवे तर वाढवा.
- पाहुण्यांना दाण्यांची ॲलर्जी आहे का, ते आधी विचारा. लहान मुलांना अख्खे दाणे देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकू शकतात.
- उकळता पाक त्वचेला चिकटतो आणि खोल भाजतो. भाजल्यास वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ किंवा टूथपेस्ट नको.

गोड हे आपल्याकडे पूर्वीही होते. फक्त ते क्वचित येई आणि आले की वाटले जाई. केक घरी जरूर करा, आणि वाढताना सोबत एक सुरी ठेवा.