न चढलेला लाल बावटा

मुंबई गोदीच्या स्फोटाचा विषय निघाला की लोक आकाशातून पडलेल्या सोन्याच्या विटांचंच सांगतात. मला मात्र त्या जहाजावर न चढलेला लाल बावटा जास्त छळतो.

'फोर्ट स्टिकिन' १२ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत धक्क्याला लागलं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं. वाटेत कराचीला त्यातच कापसाच्या गाठी भरल्या, शिवाय वंगणतेलाची पिंपं. युद्ध चालू, जहाजं कमी. जागा दिसेल तिथे माल. गाठीत धुमसणारा कापूस वरून पाणी ओतून विझत नाही, हे गोदीत कुणाला सांगावं लागत नसे. पण आत स्फोटकं आहेत हे शेजारच्या धक्क्यावरच्या माणसाला कळावं कसं? त्यासाठीचा तो बावटाच नव्हता.

१४ तारखेला दुपारी धूर दिसला. बंब आले. जवान पाणी मारत राहिले, तेच पाणी आत उकळू लागलं. जहाज बाहेर न्यायचं की तिथंच बुडवायचं, यावर साहेबलोकांचं एकमत होईना. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला.

अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो त्यांच्यासाठी.