पाहणीला येणारा माणूस

रोहिणी नक्षत्र सरत आलं की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली माणसं छपरावर चढतात. फुटकी कौलं काढून नवी बसवायची, सरकलेल्या ओळी वर ओढायच्या, वाळवीने खाल्लेली रीप बदलायची, पश्चिमेच्या भिंतीला झड लागू नये म्हणून आडोसा बांधायचा. कणकुंबी, जांबोटी, लोंढा या पट्ट्यात मृग बरसायला लागला की मग चार महिने छपराला हात लावता येत नाही. त्याच दिवसांत जळण कोरडं ठेवायचं असतं, न्हाणीत पाणी तापवायचं असतं, ओले कपडे चुलीच्या उबेवर वाळवायचे असतात. घर सुधारणं म्हणजे धूर, ऊब आणि उजेड यांची नीट सोय लावणं, हे इथल्या माणसाला कुणी शिकवावं लागलं नाही.

सोय लावायला पैसा लागतो. तो पैसा कमी व्याजाने द्यायचा, पण देण्याआधी एका जाणत्या माणसाने घर पाहून जायचं, ही पद्धत आज जर्मनीत चांगली रुळली आहे. युद्धानंतरच्या उभारणीसाठी 1948 साली निघालेली केएफडब्ल्यू ही तिथली सरकारी बँक. घराच्या भिंती, खिडक्या, छप्पर ऊब धरून ठेवतील असे करून घ्यायला ती सवलतीचं कर्ज देते आणि त्यासाठी नोंदणी झालेल्या ऊर्जा सल्लागाराचा दाखला मागते. खानापूरकडच्या घरांनाही असा सल्लागार भेटत आला आहे. कधी तो गोबर गॅसचा गवंडी होता, कधी सोलरवाला मेकॅनिक, कधी बँकेचा फील्ड ऑफिसर. त्याचा इतिहास कुणी लिहून ठेवला नाही, पण सवलतीच्या योजनांची खरी परीक्षा त्याच्याच हातात होती.

मूळ शोधायला गेलं तर तगाईपर्यंत जावं लागतं. 1883 चा जमीन सुधारणा कर्जाचा कायदा आणि 1884 चा शेतकरी कर्जाचा कायदा इंग्रज सरकारने केले, तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता. विहीर खणायला, बांध घालायला, बी-बियाणं आणि बैल घ्यायला सरकारी कर्ज मिळू लागलं. रक्कम ठरल्या कामावर लागली की नाही, हे बघायला महसूल खात्याचा माणूस यायचा. तगाईच्या वहीत घराला मात्र जागा नव्हती. सुधारणा व्हायची ती शेताची. चुलीपुढे डोळे चोळत बसलेल्या बाईचं स्वयंपाकघर सुधारणेत मोजायला पुढे पाऊण शतकाहून अधिक काळ जावा लागला.

तोवर जी काही सोय होती ती छपरानेच केली. बासेल मिशनने 1865 साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि त्या घडणीची सपाट, खाचेची कौलं किनाऱ्यापासून घाटमाथ्यापर्यंत पसरली. लोक त्यांना अजून मंगळुरी कौलंच म्हणतात. खानापूरची माती विटा, कौलं आणि मडक्यांना चांगली. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्था याच गावात निघाली ती त्या मातीमुळे. कौलारू घराचा एक गुण म्हणजे चुलीचा धूर कौलांच्या फटींतून हळूहळू निघून जायचा आणि जाता जाता वाशांना काळं करून वाळवीपासून राखायचा. पुढे स्लॅबची घरं आली, चूल तीच राहिली आणि धुराला वाट उरली नाही.

ज्या खादी आयोगाने कुंभाराला चाक दिलं, त्यानेच शेतकऱ्याच्या परसात गॅस आणला. शेणाचा गॅस आपल्याकडे तसा जुना. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात 1897 सालीच मैल्यापासून गॅस काढून वापरला जात होता. खेड्यातल्या घराला परवडेल असा साचा मात्र जशभाई पटेल यांनी पन्नासच्या दशकात बनवला आणि त्याला नाव दिलं ‘ग्रामलक्ष्मी’. वर तरंगणारी लोखंडी टाकी, खाली विटांची विहीर. साठच्या दशकाच्या सुरुवातीला खादी आयोगाने तो उचलला. 1973 च्या तेलटंचाईने दिल्लीला शेणाची किंमत कळली, आणि 1981-82 पासून राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाला. केंद्राची सबसिडी, उरलेल्या रकमेला बँकेचं कर्ज आणि बांधकामावर एक शिकलेला माणूस, अशी त्याची रचना होती.

या शिकलेल्या माणसासाठी योजनेत वेगळी फी ठेवलेली होती. तो जागा निवडणार, गवंड्याकडून बांधून घेणार, पहिला गॅस पेटवून देणार आणि पुढे ठरावीक वर्षं बिघाड झाला तर फुकट दुरुस्त करणार. सरकारी कागदात त्याला ‘टर्नकी’ कार्यकर्ता म्हणत. गावात तो नुसता गॅसवाला. आधी तो गोठ्यातली जनावरं मोजायचा. एक घनमीटर गॅसला रोज साधारण 25 किलो शेण लागतं, म्हणजे दोन घनमीटरच्या टाकीला 50 किलो. चार-पाच गुरं नसतील तर टाकी उपाशी राहणार, हे घरमालकाला तोंडावर सांगायचं धैर्य ज्याच्यात होतं तोच चांगला गॅसवाला.

1984 साली ‘दीनबंधू’ नावाचा साचा आला, त्यात लोखंडी टाकी नव्हती. सगळं काम विटांचं, जमिनीखाली, गोल घुमटाचं. हा घुमट बांधताना पाहण्यासारखा असतो. खड्ड्याच्या मध्यावर खुंटी ठोकायची, तिला ठरल्या मापाची दोरी बांधायची आणि प्रत्येक वीट त्या दोरीच्या टोकाला लावून बसवायची. वीट जसजशी वर चढते तशी ती आत कलते, गवंडी एका हाताने ती धरून ठेवतो आणि दुसऱ्या हाताने सांधा भरतो. दोरी बोटभर सैल पडली तर घुमटाचा आकार चुकतो, आणि गिलाव्यात केसाएवढी चीर राहिली तर गॅस रात्रीतून निघून जातो. आतून गिलाव्याचे थर आणि रंग देऊन झाले की दाब धरतो की नाही ते तपासायचं. ही तपासणी ज्याने गाळली त्याची टाकी पुढे पाणी साठवायच्या कामाला आली. शेणाच्या टाक्या बंद पडल्या त्या शेणामुळे कमी आणि हातांच्या घाईमुळे जास्त, असंच म्हणावं लागतं.

बिनधुराच्या चुलींचं तर याहून वाईट झालं. ऐंशीच्या दशकात केंद्राने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. बंगळुरात भारतीय विज्ञान संस्थेतल्या ‘अस्त्र’ केंद्राने, ज्याचा पाया अमूल्य रेड्डी यांनी 1974 साली घातला, ‘अस्त्र ओले’ ही चांगली चूल तयार करून दिली होती. पण आकडा गाठायच्या नादात चूल घालून देणारा परत फिरकला नाही. धुराडं काजळीने भरलं, ते झाडायचं कसं हे कुणी सांगितलं नाही, आणि घरच्या बाईने वैतागून ते काढून टाकलं. 2002 साली हा कार्यक्रम बंद झाला.

इथे सीमाभागाची एक वेगळी अडचण सांगायलाच हवी. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि सरकारी कागद हळूहळू कानडी झाले. उतारा कानडीत, अर्ज कानडीत, करारपत्र कानडीत, आणि कर्ज घेणारा मराठी बोलणारा. पाहणीला आलेला माणूस दोन्ही भाषा जाणणारा असला तर तो ओसरीवर बसून एकेक ओळ वाचून दाखवायचा, हप्ता किती, जामीन कोण, सबसिडी कधी जमा होणार ते समजावायचा. अशा माणसाच्या शब्दावर अंगठा उठायचा. त्याच्या हातात केवढा विश्वास होता, हे दिल्लीत योजना आखणाऱ्यांच्या ध्यानात कधी आलं असेल असं वाटत नाही.

विजेच्या दिव्यांची कथा याच तालुक्यातल्या नदीच्या नावाने सुरू होते. कणकुंबीला उगम पावणाऱ्या मलप्रभेचं नाव घेऊन 1976 साली धारवाडला मलप्रभा ग्रामीण बँक निघाली. सिंडिकेट बँक तिची पालक. 1995 साली हरीश हांडे आणि नेव्हिल विल्यम्स यांनी सेल्को ही कंपनी काढली, तेव्हा खेड्यातल्या घराला सोलर दिव्यासाठी कर्ज द्यायला बँका तयार नव्हत्या. दिवा उत्पन्न देत नाही, मग हप्ता कुठून येणार, हा त्यांचा प्रश्न. ज्या थोड्या बँकांनी सुरुवातीला हा धोका पत्करला त्यांत मलप्रभा ग्रामीण होती. घासलेटवर आणि मेणबत्त्यांवर महिन्याला जाणारा पैसा हप्त्याकडे वळवता येतो, हे त्या व्यवस्थापकांनी ओळखलं. हांडे यांना पुढे 2011 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मलप्रभा ग्रामीण बँक त्याआधीच, 2005 साली, कर्नाटक विकास ग्रामीण बँकेत विलीन झाली होती.

2003 साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने कॅनरा आणि सिंडिकेट या दोन बँकांना हाताशी धरून मुख्यतः कर्नाटकासाठी सोलर कर्ज योजना काढली. 12 टक्क्यांच्या आसपासचा व्याजदर कर्जदाराला 5 टक्के पडू लागला, आणि ही सूट पुढे टप्प्याटप्प्याने कमी केली गेली. काही वर्षांत जवळपास 20,000 घरांत दिवे लागले. बँकेने मान्य केलेल्या विक्रेत्याकडूनच माल घ्यायचा आणि विक्रीनंतरची सेवा त्यानेच द्यायची, ही अट होती. व्याजाच्या सवलतीपेक्षा या अटीने जास्त काम केलं असावं. त्याच सुमाराला सोलर बंबासाठी घरगुती ग्राहकाला केंद्राच्या मदतीने 2 टक्क्यांनी कर्ज मिळत होतं, तेही मान्यताप्राप्त उत्पादकाचाच बंब घेतला तर. बेळगाव, निपाणीच्या गच्च्यांवर ते बंब दिसू लागले. खानापूरच्या उतरत्या छपरांवर त्यांना बसायला जागाच नव्हती.

सोलरवाल्याची पाहणी गॅसवाल्यापेक्षा निराळी. तो अंगणात उभा राहून आधी झाडं बघतो. दुपारी तीनला फणसाची सावली कुठवर येते? पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून बसवायचं, कलतं ठेवायचं. खानापूरचा अक्षांश साडेपंधराच्या आसपास, म्हणून कलही तेवढाच. कौलांवर थेट वजन टाकता येत नाही, म्हणून वाशांना धरून लोखंडी चौकट न्यावी लागते, आणि तिच्यासाठी काढलेलं कौल नीट बसलं नाही तर पहिल्याच पावसात माजघर गळतं. आषाढात आठ-आठ दिवस ऊन नसतं तेव्हा किती दिवे लावायचे आणि किती बंद ठेवायचे, हेही त्यानेच सांगायचं. हे न सांगता गेलेल्याचं गाव नाव काढत नाही.

आता फेब्रुवारी 2024 पासून पीएम सूर्यघर योजना आली आहे. एक किलोवॅटला 30,000 रुपये, दोनला 60,000, तीन आणि त्यापुढे 78,000 रुपये सबसिडी, शिवाय तारण न ठेवता कमी व्याजाचं कर्ज. नोंदणी झालेला विक्रेता बसवतो, हेस्कॉम या वीज कंपनीची माणसं तपासतात, नेट मीटर लागतो, मग सबसिडी खात्यात येते. म्हणजे जर्मन सल्लागाराचं काम इथे विक्रेता आणि वीज कंपनी यांच्यात वाटलं गेलं. त्यात एक उणीव राहते: विकणाऱ्यानेच सल्ला दिला तर ‘तुमच्या घराला हे नको’ असं सांगायला कुणी उरत नाही. त्यातच 2023 पासून कर्नाटकात गृहज्योती योजनेत 200 युनिटपर्यंतची वीज पात्र घरांना मोफत मिळते. ज्याचं बिल शून्य येतं तो छपरावर कर्ज कशाला चढवेल?

तालुक्यातल्याच भीमगडच्या जंगलातल्या वस्त्यांचा हिशेब वेगळा. 2011 साली अभयारण्य झाल्यावर आमगाव, गवाळीसारख्या ठिकाणी तार ओढायची म्हणजे वन खात्याची परवानगी आली. अशा वस्त्यांत सोलरचा दिवा आजही चैनीचा नाही. दसऱ्याच्या सुमाराला पाऊस उघडला की मेकॅनिक शिडी लावून पॅनेलवरचं शेवाळ ओल्या फडक्याने पुसतो, बॅटरीची झाकणं उघडून खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घालतो आणि काळ्या मार्करने त्या दिवसाची तारीख बॅटरीच्या अंगावर, गेल्या वर्षीच्या तारखेखाली लिहून ठेवतो.