बिनपगारी पंचांची निवड

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर ह्यांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्धीस नेले. त्या कामांत साहाय्यक अनेक होते, आणि मतभेदही झाले असतील. परंतु वाद विकोपास गेला तर शेवटचा शब्द कोणाचा, हा प्रश्न पडण्याचें कोणासच कारण नव्हतें. कोशास संपादक होता आणि तो कोण हें साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक होतें. आज मी ज्या ज्ञानकोशाविषयीं बोलणार आहें त्यास मुळीं संपादकच नाहीं. विकिपीडिया हें त्याचें नांव. तो इंटरनेटवर आहे, तो कोणीही फुकट वाचावा, आणि विशेष म्हणजे कोणीही त्यांत लिहावें व दुसऱ्याचें लिहिलेलें पुसावें, अशी त्याची मूळ प्रतिज्ञा आहे. ज्या घरास मालक नाहीं त्या घरांतील भांडण कोणीं मिटवावयाचें?

माझ्या नातवास मीं हा प्रश्न विचारला. "कंपनी ठरवीत असेल, आजोबा," असें त्यानें सांगितलें. पुष्कळांची समजूत हीच आहे. ती चुकीची आहे, आणि ती चुकीची कशी ठरली हाच आजचा विषय आहे.

ह्या कोशाचा जन्म एका फसलेल्या कोशाच्या पोटीं झाला. जिमी वेल्स ह्या अमेरिकन गृहस्थांनीं २००० सालीं न्यूपीडिया नांवाचा कोश काढला. लॅरी सँगर हे त्याचे पगारी संपादक. प्रत्येक लेख तज्ज्ञानें लिहावयाचा आणि तो सात पायऱ्यांच्या तपासणींतून जावयाचा, असा तेथें कडक नियम होता. पहिल्या वर्षांत जेमतेम वीसएक लेख ह्या सात पायऱ्या चढून वर आले. तेव्हां कच्च्या लेखनासाठीं एक खुलें दालन असावें म्हणून १५ जानेवारी २००१ रोजीं विकिपीडिया सुरू झाला, आणि दासीचा पुत्र गादीवर बसावा तसा तोच खरा कोश होऊन बसला. पैसा आटला तेव्हां मार्च २००२ मध्यें सँगर निघून गेले. जानेवारी २००३ मध्यें इंग्रजी कोशांतील लेखांची संख्या एक लक्षावर गेली. त्याच वर्षीं १ मे रोजीं, महाराष्ट्रदिनीं, आपल्या मराठी विकिपीडियाचाही आरंभ झाला.

आरंभीं लेखक थोडे होते व बहुतेक एकमेकांस ओळखत. कोणी फारच दांडगाई केली तर वेल्स त्यास लेखनबंदी करीत. गांवचा पाटील जसा चावडीवर निवाडा करतो तसाच तो प्रकार होता, आणि पाटील शहाणा असला तर त्यांत कांहीं बिघडत नाहीं. पण गांवाचें शहर झालें कीं चावडी पुरत नाहीं. डिसेंबर २००३ मध्यें वेल्स ह्यांनीं जाहीर केलें कीं, आपला हा अधिकार आपण एका पंचमंडळाकडे सोंपवीत आहों. पहिले बारा पंच त्यांनींच नेमले, आणि २००४ च्या आरंभीं मंडळाचें काम सुरू झालें.

ह्या पंचांस काय ठरवितां येत नाहीं, हें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. लेखांत काय लिहावें हें ते ठरवीत नाहींत. एखाद्या राजाचा जन्म अमुक सालीं झाला कीं तमुक सालीं, हा वाद त्यांच्यापुढें नेतां येत नाहीं. त्या वादांत कोणीं शिवीगाळ केली, कोणीं दोन नांवें धारण करून स्वतःच्याच बोलण्यास माना डोलावल्या, कोणीं प्रचालकाच्या अधिकाराचा दुरुपयोग केला, एवढेंच ते पाहतात. मीं तीस वर्षांवर शाळेंत घालविलीं आहेत. मधल्या सुटींतल्या भांडणांत गोटी मूळची कोणाची, हें मला क्वचितच ठरवितां आलें. पहिली चापट कोणीं मारली हें मात्र बहुधा ठरवितां येई. ह्या पंचांनीं आपली मर्यादा ओळखली म्हणूनच ते टिकले, असें मला वाटतें.

निवडणुकीस आरंभ २००४ सालींच झाला. मुदत संपलेल्या पंचांच्या जागीं नवे पंच मतदानानें घ्यावयाचे ठरलें. पुढें मतदान उघड होऊं लागलें. उमेदवाराच्या नांवाखालीं अनुकूल मताच्या रकान्यांत किंवा प्रतिकूल मताच्या रकान्यांत आपली सही करावयाची, हवें तर कारणही लिहावयाचें. आणि हें सारें जगास वाचतां येई. शिवाय मतदान हा नुसता कौल होता. नेमणूक शेवटीं वेल्स ह्यांच्या हातून व्हावयाची.

उघड मतदानाचा पुरस्कार करणारे म्हणत कीं, ज्यास मत द्यावयाचें त्यानें तें छातीवर हात ठेवून द्यावें. ऐकावयास हें फार चांगलें वाटतें. मी वर्गनायकाची निवड प्रथम हात वर करवून घेत असें. पोरांचे हात वर जाण्यापूर्वीं डोळे मागच्या बाकाकडे जात, आणि तेथील दांडगा गडी जिकडे पाही तिकडे वर्ग पाही. एका वर्षीं मीं चिठ्ठ्या वांटल्या. त्याच वर्गानें, त्याच आठवड्यांत, एक अबोल मुलगा निवडून दिला. विकिपीडियांतील अडचण ह्याहूनही बिकट होती. आज ज्याच्या विरुद्ध सही करावयाची तोच उद्यां आपल्या खटल्याचा न्यायाधीश होण्याचा संभव. डिसेंबर २००९ च्या निवडणुकीपासून तेथें गुप्त मतदान सुरू झालें. निर्णय योग्यच होता. पण तो होण्यास पांच वर्षें लागलीं, ह्याचें मला नवल वाटतें.

मध्यंतरीं २००७ सालीं एक लाजिरवाणा प्रसंग घडला. त्या वर्षाच्या फेब्रुवारींत वेल्स ह्यांनीं एका लेखकास मतदानावांचून पंच नेमलें. हा लेखक टोपणनांवानें वावरत असे. आपण धर्मशास्त्राचे प्राध्यापक आहों, असें त्यानें 'न्यूयॉर्कर' ह्या साप्ताहिकास सांगितलें होतें, आणि १९२५ पासून निघणाऱ्या त्या प्रतिष्ठित पत्रानें २००६ सालीं तें छापलेंही होतें. प्रत्यक्षांत तो २४ वर्षांचा तरुण होता व त्याच्यापाशीं तसली एकही पदवी नव्हती. प्रथम वेल्स ह्यांस त्यांत फारसें वावगें दिसलें नाहीं. परंतु लेखकवर्गांत गहजब झाला. ह्या तोतया प्राध्यापकानें आपल्या पदव्यांचा दाखला वादांतही दिला होता, हें लोकांनीं उकरून काढलें. आणि मार्चच्या आरंभीं वेल्स ह्यांनींच त्यास पायउतार होण्यास सांगितलें. मतदान झालें असतें तर तो पडला असता, असें मी म्हणणार नाहीं. तो लोकप्रिय होता. कदाचित् भरघोस मतांनीं निवडून आला असता. पण मग चूक सर्वांची झाली असती. येथें ती एकाच्या माथीं बसली.

आतांची पद्धत अशी आहे. मंडळाच्या जागा पंधरा. दर वर्षीं हिवाळ्यांत त्यांतील कांहीं जागांसाठीं निवडणूक होते. लेखांमध्यें निदान १५० वेळां लेखन अथवा दुरुस्ती केलेल्यास मताचा अधिकार. म्हणजे ज्यानें शेतांत घाम गाळला त्यासच पाटिलकीविषयीं बोलूं द्यावयाचें. प्रत्येक उमेदवारास अनुकूल, प्रतिकूल किंवा तटस्थ असें मत द्यावयाचें. तटस्थ मतें सोडून उरलेल्यांत शेंकडा साठ अनुकूल असलीं तर दोन वर्षांची मुदत, पन्नास ते साठ असलीं तर एकाच वर्षाची, आणि पन्नासांच्या खालीं जागा रिकामी राहिली तरी नेमणूक नाहीं. हा शेवटचा नियम मला फार आवडला. आपल्याकडे चौघां नालायकांत पहिला येणारा निवडून येतोच.

मतांची छाननी दुसऱ्या भाषांच्या विकिपीडियांतून आलेले जुने विश्वासू कार्यकर्ते करतात. त्यांचें मुख्य काम बोगस मतदार शोधणें हें होय. एकच मनुष्य दहा नांवें घेऊन हजर होतो, ह्यास इंग्रजींत मोज्याची बाहुली म्हणतात. मोजा हातांत चढवून त्यास बोलतें करावें तशी ती. आपल्याकडे मेलेली माणसें मतदानास येतात. तेथें न जन्मलेलीं येतात, इतकाच फरक.

ह्या पंचांस कवडी मिळत नाहीं. नोकरीधंदा संभाळून, रात्रीं घरीं बसून, पुराव्यांचे ढीग उपसावयाचे आणि दोन्ही पक्षांच्या शिव्या खावयाच्या. २००५ व २००६ ह्या सालांत वर्षाला शंभरांवर खटले आले. अलीकडे ते बोटांवर मोजण्याइतके येतात, कारण लहानसहान तंटे प्रचालकच मिटवितात. कांहीं खटले मात्र मोठे झाले. मे २००९ मध्यें सायंटॉलॉजी ह्या अमेरिकन पंथाच्या कचेऱ्यांतून होणारें लेखन पंचांनीं दहा विरुद्ध शून्य मतांनीं बंद केलें. २०१५ सालचा एक खटला आपल्या देशाशीं निगडित होता. भारतांतील एका व्यवस्थापन-शिक्षण देणाऱ्या संस्थेविषयींचा लेख वर्षानुवर्षें तिच्या सोयीप्रमाणें वळविला जात होता, तिच्यावरील टीका गाळली जात होती, आणि हें करणारा स्वतःच प्रचालक होता. पंचांनीं त्याचा अधिकार काढून त्यास लेखनबंदी केली. तोंवर कित्येक विद्यार्थ्यांनीं तो लेख वाचला असेल आणि त्यावर विसंबून किती बापांनीं फी भरली असेल! कोशांतील भांडणें ही रिकामटेकड्यांची करमणूक आहे, असें मानणाऱ्यांनीं ह्याचा विचार करावा.

आणि जेथें असे पंच किंवा निकोप मतदान नसतें तेथें काय होतें, तें क्रोएशियन भाषेच्या विकिपीडियांत दिसलें. तेथें एका टोळक्यानें प्रचालकांच्या जागा बळकावल्या, खोट्या नांवांचा आधार घेतला, आणि दुसऱ्या महायुद्धांतील हिटलरधार्जिण्या राजवटीचीं पापें लेखांतून सौम्य करून टाकलीं. २०१३ सालीं खुद्द त्या देशाच्या शिक्षणमंत्र्यांनीं विद्यार्थ्यांस सांगितलें कीं, ह्या कोशाच्या वाटेस जाऊं नका. टोळक्याची सत्ता मोडावयास २०२० साल उजाडावें लागलें. मतें तेथेंही पडत होतीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आतां नातवाच्या उत्तराकडे वळूं. विकिपीडियाचे संगणक, देणग्या व पगारी नोकर ज्या संस्थेकडे आहेत ती विकिमीडिया फाउंडेशन २००३ सालीं स्थापन झाली. तीच ती 'कंपनी'. नफा कमावणारी नव्हे, पण पैसा तिच्या हातीं. १० जून २०१९ रोजीं ह्या संस्थेच्या कचेरीनें इंग्रजी कोशांतील एका जुन्या प्रचालकास एक वर्षाची लेखनबंदी केली. फिर्याद कोणाची तें सांगितलें नाहीं, अपराध नेमका कोणता तेंही सांगितलें नाहीं, अपील नाहीं. हा मनुष्य कामांत चोख पण जिभेचा तिखट, असें त्याचे मित्रही म्हणत. कचेरीचें म्हणणें असें कीं, छळ झालेल्यानें उघड्यावर येऊन साक्ष दिली तर त्याचा आणखीच छळ होतो. ह्या म्हणण्यांत तथ्य होतें, हें मी कबूल करतों. वर्गांत मार खाल्लेला पोर सर्वांदेखत नांव सांगत नाहीं, हें कोणत्या मास्तरास ठाऊक नाहीं?

परंतु स्वयंसेवकांचा प्रश्न निराळा होता. आमचे पंच आम्हीं निवडलेले असतां हा निवाडा तुम्हीं कोण करणार? वीसाहून अधिक प्रचालकांनीं राजीनामे दिले. एकानें बंदी उठवावी, कचेरीनें ती पुन्हां घालावी, दुसऱ्यानें पुन्हां उठवावी, असा सामना झाला. जून महिना संपतांना पंचमंडळानें फाउंडेशनच्या विश्वस्तांस पत्र लिहिलें कीं, अशा प्रकरणांत आम्हांस डावलणें आम्हांस मान्य नाहीं. जुलैच्या आरंभीं विश्वस्तांनीं नमतें घेतलें आणि प्रकरण पंचांकडे सोंपविलें.

नांवें झाकलेलीं कागदपत्रें पंचांच्या हातीं आलीं. ती त्यांनीं वाचलीं, लोकांकडूनही पुरावे मागविले, आणि सप्टेंबर २०१९ मध्यें निकाल दिला. लेखनबंदी त्यांनीं रद्द ठरविली. मात्र प्रचालकाचा अधिकार त्यांनीं त्यास परत दिला नाहीं. हवा असेल तर त्यानें तो पुन्हां लोकांकडून मिळवावा, असें सांगितलें. त्याप्रमाणें त्यानें अर्ज केला. तीन महिन्यांवर त्याच्यासाठीं ज्यांनीं आकाशपाताळ एक केलें होतें त्याच लोकांपुढें तो अर्ज गेला, आणि त्यांनीं त्यास तो अधिकार दिला नाहीं.