कुलदेवतेच्या अंगणातील अभ्यासयात्रा

जपानमधील शालेय जीवनात ‘शूगाकु र्योको’ म्हणजे अभ्यासयात्रा हा एक ठरलेला प्रसंग असतो. टोकियोच्या अध्यापक विद्यालयाने १८८६ साली काढलेली पदयात्रा हा तिचा आरंभ मानतात. आज पुष्कळ शाळांची मुले क्योटो आणि नारा या जुन्या राजधान्या पाहतात. नाराजवळच्या होर्यूजी या बौद्ध मठात जगातील सर्वांत जुन्या लाकडी वास्तू उभ्या आहेत. २६ जानेवारी १९४९ रोजी तेथील मुख्य मंदिराला आग लागली आणि अजिंठ्याची आठवण करून देणारी भित्तिचित्रे होरपळली. पुढच्याच वर्षी जपानने सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा केला. तो ठेवा आपला आहे, हे तेथील मुलांना शाळेतच कळते.

आपल्या भीमाकाठीही असाच एक अपघात झाला होता. गाणगापुराहून पुढे वाहत जाणारी भीमा सन्नतीला पोहोचते. तेथील चंद्रलांबा ही आपल्यापैकी कित्येक घराण्यांची कुलदेवता. १९८६ साली त्या मंदिर-परिसरातील कालीमंदिराचे छत कोसळले, मूर्ती भंगली आणि तिच्या बैठकीची शिळा उघडी पडली. त्या शिळेवर ब्राह्मी लिपीत सम्राट अशोकाच्या आज्ञा कोरलेल्या निघाल्या. मूर्ती बसविण्यासाठी पाडलेल्या खाचेत काही अक्षरे नष्ट झाली होती. उरलेल्या मजकुरात बारावी आज्ञा आहे. इतरांच्या पंथाचाही मान राखावा, वाणीवर संयम ठेवावा, असे ती सांगते. पिढ्यान्‌पिढ्या आपण जेथे हात जोडले, तेथेच हा उपदेश मुका पडून होता.

जवळच कनगनहळ्ळी येथे १९९४ पासून झालेल्या उत्खननात भव्य स्तूपाचे अवशेष मिळाले. त्यांतील एका शिल्पपटावर राजा, राणी व सेविका असून वर ‘रायो असोको’ अशी अक्षरे आहेत. नावानिशी कोरलेली अशोकाची प्रतिमा म्हणून या पटाचे मोल मोठे आहे.

१९८६ पूर्वीच्या आपल्या वडीलधाऱ्यांना यातले काहीच ठाऊक असणे शक्य नव्हते. आपल्याला मात्र ती सबब उरलेली नाही. तरीही आपण ओटी भरतो, प्रसाद घेतो आणि परतीची गाडी गाठतो. अफजलपूर परिसरातील शाळांच्या सहली सन्नतीला न्याव्यात, असा आग्रह आपण शिक्षकांकडे धरावा. तोवर नातवंडांना कुलदेवतेच्या दर्शनाला नेणाऱ्या आजी-आजोबांनी निदान एक तास अधिक थांबावे आणि त्या शिळेवरची अक्षरे त्यांना दाखवावीत.